आठ महिने वाजवलेली तबकडी : केट बुशचं ‘वदरिंग हाइट्स’

ही रेकॉर्ड मी परत करणार होतो. जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एकाकडून घेतली, ‘जवळपास नवी’ म्हणून. घरी आणून उजेडात तिरकी धरली तर केसासारखे बारीक चरे. फोन केला, उचलला नाही. दोन दिवस चिडचिड केली आणि मग सुई ठेवली. त्याला आता आठ महिने झाले.

सात इंची तबकडी, 45 स्पीडची. पहिल्याच दिवशी स्पीड बदलायला विसरलो. 33 वर केटबाईंचा, म्हणजे या ब्रिटिश गायिकेचा, आवाज चक्क एखाद्या दुखावलेल्या बुवाचा लागतो. आई आतून म्हणाली, “कोण रे हा रडतोय?” स्पीड बदलला. आता म्हणाली, “ही त्याची मुलगी का?”

खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मलाही आवाज सोसला नाही. पातळ, टोचणारा, सगळा वरच्या पट्टीत. मग एकदा एमिली ब्राँटीची याच नावाची 1847 ची कादंबरी काढून बसलो, गाणं तिच्यावरच आहे, आणि गाणारी बाई जिवंत नाही हे डोक्यात शिरलं. कादंबरीची नायिका कॅथी मेलेली आहे. इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या माळावरून थंडीत कुडकुडत ती खिडकीशी आली आहे आणि हीथक्लिफला, तिच्या प्रियकराला, आत घे म्हणते आहे. भुताने घशातून, दमदार, मंद्र सप्तकात गायचं का? त्या आवाजाला नखरा म्हणणारे अजून भेटतात. त्यांना कादंबरीतलं सुरुवातीचं खिडकीचं प्रकरण तेवढं वाचायला द्यावं.

गंमत अशी की केटला हे गाणं सुचलं ते कादंबरी वाचून नव्हे. बीबीसीच्या 1967 च्या मालिकेचा शेवटचा तुकडा तेवढा तिने टीव्हीवर पाहिला होता. पुस्तक नंतर काढलं. एमिली आणि ती, दोघींचा वाढदिवस 30 जुलै, हेही तिला पुढे कळलं. गाणं झालं मार्च 1977 मधल्या पौर्णिमेच्या रात्री, पियानोवर. ती तेव्हा 18 वर्षांची. त्या मार्चमधली पौर्णिमा म्हणजे आपली फाल्गुनी पौर्णिमा. इथे होळ्या पेटल्या होत्या तेव्हा तिकडे लंडनमध्ये ही पोरगी खिडकीतून चंद्र बघत सूर जुळवत होती. याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही, पण मला आवडतं.

रेकॉर्ड कंपनी ईएमआय. त्यांना पहिलं सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी तबकडी, म्हणून तिचं ‘जेम्स अँड द कोल्ड गन’ हवं होतं. केट हटून बसली, हेच. ते मान्य झालं, 4 नोव्हेंबर 1977 ही तारीख ठरली, तर तिला कव्हरवरचा फोटो पसंत पडेना. कव्हर बदला. यात तारीख 20 जानेवारी 1978 वर गेली. आणि या हट्टाने तिचं भलंच झालं, कारण 11 नोव्हेंबरला पॉल मॅकार्टनीच्या विंग्ज या बँडचं ‘मल ऑफ किनटायर’ आलं आणि नऊ आठवडे पहिल्या नंबरवर ठाण मांडून बसलं. त्याच्यासमोर ही नवखी मुलगी कुणाला ऐकू आली असती? शिवाय काही प्रती आधीच रेडिओवाल्यांकडे गेल्या होत्या. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचे निवेदक टोनी मायट यांनी थांबायचं नाव न घेता ती वाजवली. मार्चमध्ये गाणं पहिल्या नंबरवर, ‘आबा’ या स्वीडिश बँडला खाली ढकलून, आणि तिथे चार आठवडे. स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर पोचलेली ही पहिली बाई.

आता आठ महिन्यांत कानाला काय लागलं ते. सुरुवातीच्या पियानोत चऱ्यांची खरखर ऐकू येते, ती जाणार नाही. कडव्यातून ध्रुवपदात शिरताना सूरच दुसरीकडे सरकतो; पेटीवर धरायला गेलो तर बोटं भांबावली. ध्रुवपदात मांडीवर ताल धरून बघा. चारचा हिशेब मध्येच तुटतो आणि ती मात्र बिनदिक्कत पुढे. अजूनही दर दोन वेळांत एकदा मी चुकतो.

सगळ्यात उशिरा सापडला तो शेवट. गाणं विरत जातं तिथे इअन बेअर्नसनचं गिटार आहे, जाणूनबुजून मागे ठेवल्यासारखं. मोबाइलवर ऐकताना मी तिथवर पोचायच्या आत पुढचं गाणं लावत असे. तबकडीवर उठून सुई उचलण्याचा आळस असतो, म्हणून ते पूर्ण ऐकलं गेलं. त्या गिटारात बाई खिडकीपासून लांब जाते असं मला वाटतं. निर्माते अँड्र्यू पॉवेल यांनी आवाज पुढे आणि बाकी सगळं त्याच्या सोबतीला ठेवलं, हे शहाणपणाचं केलं.

1986 मध्ये ‘द होल स्टोरी’ या संग्रहासाठी तिने हेच पुन्हा गायलं. आवाज भरलेला, ढोल मोठे. ऐकलं, दोनदा. गायिका म्हणून ती पिकलेली आहे यात वाद नाही, पण पिकलेलं भूत कुणाला हवंय?

मागच्या बाजूला ‘काइट’ आहे, हलकंफुलकं, रेगे या जमैकन संगीताच्या ठेक्यावरचं. रविवारी सकाळी चालतं.

देखभालीचं म्हणाल तर पावसाळ्यात कागदी पाकिटाला बुरशी आली, म्हणून आता प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यातली ओलावा शोषणारी पुडी. धूळ मऊ ब्रशने, दर वेळी. रात्री दहानंतर लावायची नाही असा आईचा हुकूम आहे. खिडकीशी कुणीतरी आहे असं वाटतं म्हणते.