‘सगळ्या लसी झालेल्या’ तलंगा

भुदरगड तालुक्यातल्या आमच्या घरामागे खुराडे माझ्या सासूबाईंच्या काळापासून आहे. त्यात पाच-सहा गावरान कोंबड्या कायम असायच्या. मी प्राथमिक शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर मला ते थोडे वाढवावेसे वाटले, म्हणजे घरात नातवंडांना अंडी होतील आणि उरलेली वाडीत विकता येतील, एवढाच हेतू होता. कोल्हापूरच्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्ले मिळतात हे मला ठाऊक होते. परंतु पिल्ले आणायची म्हणजे नोंदणी करून थांबायचे, दिव्याखाली ऊब द्यायची, रात्री उठून पाहायचे, आणि एवढे माझ्याने होईल का अशी शंका मला होती. ज्या माणसाने मला फसवले त्याने नेमकी हीच शंका हेरली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, दसरा झाल्यावर पाच दिवसांनी, तो पिकअप गाडीतून तलंगांचे, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांचे, जाळीचे क्रेट घेऊन वाडीत आला. साडेचार महिन्यांच्या तलंगा आहेत, सगळ्या लसी झालेल्या आहेत, पंधरा दिवसांत अंड्यावर येतील, असे त्याने सांगितले आणि प्रत्येक ग्राहकाच्या हातात एक छापील लसीकरण कार्ड ठेवले. मी ४५० रुपयांप्रमाणे वीस तलंगा घेतल्या आणि नऊ हजार रुपये रोख दिले. पावती मागितली तेव्हा ‘कार्ड हीच पावती’ असे उत्तर मिळाले. ते कार्ड आजही माझ्याकडे आहे. त्यात राणीखेत, गंबोरो, देवी अशा कोंबड्यांच्या रोगांवरच्या लसींच्या सहा नोंदी आहेत, सगळ्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत लिहिलेल्या, आणि ‘बॅच क्रमांक’ हा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा आहे. पहिल्या लसीची तारीख २६ मे अशी घातलेली आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस साडेचार महिन्यांची असणारी तलंग जूनच्या मध्याला अंड्यातून बाहेर आलेली असणार, म्हणजे २६ मे रोजी ते अंडे उबवायला ठेवले असेल-नसेल. तेहतीस वर्षे मी हजेरीपटावरच्या जन्मतारखा तपासल्या. हे कार्ड मात्र मी सहा महिन्यांनी, अर्ध्याहून अधिक पाखरे मेल्यावर, नीट वाचले.

नव्या तलंगा मी त्याच संध्याकाळी जुन्या सहा गावरान कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यात सोडल्या. दहाव्या दिवशी रात्री खुराड्याजवळ गेले तेव्हा आतून घरघर ऐकू आली. दम्याच्या माणसाच्या छातीतून येते तशीच ती होती, फक्त बारीक. सकाळी पाहिले तर चार-पाच तलंगांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस होता, नाकपुड्यांवर खाद्य चिकटले होते आणि त्या मान झटकून शिंकत होत्या. आठवड्याभरात माझ्या जुन्या कोंबड्याही शिंकू लागल्या. सासूबाईंच्या हाताखाली वाढलेल्या त्या वाणाला पूर्वी असे कधी झालेले मी पाहिले नव्हते.

मी त्या माणसाला फोन केला आणि तो दुसऱ्या दिवशी लगेच आला. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण फसवणारा माणूस फोन उचलत नाही, टाळाटाळ करतो, अशी आपली समजूत असते. हा माणूस प्रत्येक हाकेला धावून येत होता. ‘हवा बदलली, पाणी बदलले, पाखरू थोडे दबते’ असे म्हणून त्याने बिननावाच्या प्लास्टिकच्या पुडीतली पिवळी पावडर दिली, २६० रुपये घेतले आणि पाच दिवस पाण्यातून द्यायला सांगितले. तिसऱ्या दिवशी घरघर थांबली आणि पाचव्या दिवशी पाखरे टवटवीत झाली. मी त्याचे आभार मानले, इतकेच नव्हे तर शेजारच्या दोन घरांना त्याचा नंबरही दिला. त्या दोन घरांची मी नंतर जाऊन क्षमा मागितली.

डिसेंबरात थंडी वाढली आणि तेच दुखणे परत आले. पुन्हा पुडी दिली, पुन्हा तीन दिवसांत आराम पडला. मग जानेवारीत आले, फेब्रुवारीत आले, आणि दोन पाळ्यांमधले अंतर पाच आठवड्यांवरून तीन आठवड्यांवर आणि नंतर पंधरवड्यावर आले. दोन पाखरे सुकत जाऊन मेली. अंड्यावर आलेल्या तलंगा प्रत्येक पाळीनंतर अंडी कमी करत. मार्चअखेरपर्यंत मी सहा पुड्या घेतल्या होत्या. या सगळ्या काळात पुडी चालू असतानाची अंडी आम्ही घरात खाल्ली, माझ्या चार वर्षांच्या नातीने खाल्ली. पुडीवर औषधाचे नाव नव्हते, त्यामुळे ते दिल्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हे कळायला मार्गच नव्हता. गेलेल्या पैशांपेक्षा मला याचे अधिक वाईट वाटते.

फेब्रुवारीत त्याने सांगितले की दुखणे वारंवार येते आहे म्हणजे राणीखेतच्या लसीचा जोर कमी झाला आहे आणि ती पुन्हा द्यावी लागेल. प्रत्येक पाखरामागे पंधरा रुपये ठरले. दुपारी दीडच्या सुमारास, डोक्यावर ऊन असताना, तो मोटारसायकलवरून आला, शर्टाच्या खिशातून गुलाबी पाण्याची अर्धी भरलेली बाटली काढली आणि आमच्या नळाचे पाणी घमेल्यात घेऊन त्यात ती ओतली. बाटली आधीच उघडलेली का, असे मी विचारले. त्यावर त्याने जे उत्तर दिले ते ऐकायला अगदी रास्त होते, आणि म्हणूनच लहान कोंबडीपालकांनी ते लक्षात ठेवावे. लसीची लहानात लहान बाटलीसुद्धा साधारण शंभर मात्रांची येते, तुमची पाखरे पंचवीस, मग मी पुढच्या वाडीत फोडलेल्या बाटलीतली उरलेली तुम्हाला देतो, नाहीतर तुम्हाला शंभरांचे पैसे भरावे लागतील, असे तो म्हणाला. बाटल्या शंभर मात्रांच्या असतात हे खरे आहे. त्या खऱ्याच्या आडोशाने त्याने मला दोनदा रंगीत पाणी विकले.

खरी लस कशी असते हे मला नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवण्यात आले. ती जिवंत विषाणूची असते, काचेच्या सीलबंद कुपीच्या तळाशी वाळलेल्या टिकलीसारखी बसलेली असते आणि बाहेर काढेपर्यंत २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, बर्फाच्या डब्यात ठेवावी लागते. द्रावण स्वतंत्र येते. एकदा ते मिसळले की लस तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि म्हणून पहाटे किंवा ऊन उतरल्यावरच ती देतात. सकाळी एका वाडीत फोडून दुपारी दुसऱ्या वाडीत खिशातून काढलेल्या लसीत, ती सुरुवातीला खरी असली तरी, काहीही उरत नाही. शिवाय आमच्या नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनची पावडर टाकते, आणि क्लोरीनच्या पाण्यात जिवंत लस मरते. आठ आठवड्यांच्या पुढच्या पाखराला राणीखेतची जी जोरकस लस, आर-टू-बी, द्यायची असते ती तर आमच्याकडे पाण्यातून नव्हे, सुईनेच टोचतात.

मार्चमध्ये मी त्याला म्हणाले की आता मी एक पाखरू तालुक्याच्या गावी, गारगोटीला, डॉक्टरांना दाखवून आणते. तेव्हा प्रथमच त्याचा आवाज बदलला. ‘बाई, सर्दीची कोंबडी सरकारी दवाखान्यात नेलीत तर बर्ड फ्लू म्हणून लिहितील, आणि तुमचीच नव्हे, अख्ख्या वाडीची पाखरे खड्ड्यात जातील,’ असे तो म्हणाला. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला आणि कोंबड्या मारून पुरल्या गेल्या हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे, जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याची बातमी तर ताजीच होती. माझ्यामुळे शेजारणींची खुराडी रिकामी होतील या भीतीने मी गप्प बसले. वस्तुस्थिती अशी आहे की पाखरे मारण्याचा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालानंतर होतो, त्याची भरपाई शासन देते, आणि शिंकणाऱ्या कोंबडीला पाहून कोणताही डॉक्टर वाडी उठवत नाही. पण त्या एका वाक्याने माझे जवळजवळ दीड महिना तोंड बंद केले, आणि तेवढ्यात व्हायचे ते होऊन गेले.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तीन कोंबड्या हिरवट-पांढरी हगवण करत कोपऱ्यात बसल्या होत्या. दुपारपर्यंत एकीची मान उलटी पिरगळली. आमच्याकडे याला मानमोडी म्हणतात; कुमाऊँतल्या ज्या गावाच्या नावाने आपण या रोगाला राणीखेत म्हणतो तोच हा. एक तलंग मी मांडीवर घेतली तेव्हा ती दाण्याकडे चोच नेत होती आणि मान प्रत्येक वेळी वळून पाठीकडे जात होती. दाणा दिसत असून तिला तो उचलता येत नव्हता. सहा दिवसांत चोवीसपैकी पंधरा गेल्या. जुन्या सहा गावरान कोंबड्यांपैकी एकही वाचली नाही. दुसऱ्या दिवशीपासून त्या विकणाऱ्या माणसाचा फोन बंद होता.

मग मी मेलेले पाखरू पिशवीत घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझ्यासमोर शवविच्छेदन केले. जठरात आतून रक्ताचे ठिपके होते, ही राणीखेतची खूण. आणि त्याच पाखराच्या छातीतल्या हवेच्या पिशव्या, ज्या पातळ आणि पारदर्शक असायला हव्यात, त्या धुरकट आणि जाड झाल्या होत्या आणि त्यांत दह्याच्या गाठीसारखे साचले होते. एकाच देहात दोन रोग होते, एक सहा दिवसांचा आणि एक सहा महिन्यांचा. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे गेले आणि राणीखेतचे निदान पक्के झाले.

सहा महिन्यांच्या रोगाबद्दल डॉक्टरांनी जे समजावले त्यामुळे मला या फसवणुकीची घडण कळली. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होणारा हा श्वसनाचा जुनाट रोग आहे, डॉक्टर त्याला सीआरडी म्हणतात. तो एकदा पाखरात शिरला की पाखरू बरे दिसले तरी जंतू आत राहतो, थंडी, प्रवास, अंड्याचा ताण, पावसाळी दमट तूस अशा कोणत्याही निमित्ताने डोके वर काढतो, सोबतच्या पाखरांना लागतो आणि अंड्यातून पुढच्या पिल्लातही उतरतो. प्रतिजैविकाने लक्षणे दबतात, जंतू मुळापासून जात नाही. पुडीत काय होते ते तपासल्याशिवाय सांगणार नाही असे डॉक्टर म्हणाले, पण तीन दिवसांत घरघर थांबावी आणि काही आठवड्यांत परतावी ही चाल प्रतिजैविकाचीच दिसते, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे ज्या शेडमध्ये हा रोग शिरलेला असतो तिथली पाखरे स्वस्तात उचलायची, पुडी देऊन चार दिवस टवटवीत करायची, कार्ड लिहून खेड्यात विकायची, आणि मग दुखणे जितक्या वेळा परतेल तितक्या वेळा पुडी विकायची. शेजारच्या गावातल्या एका बचत गटाने त्याच गाडीतून पाखरे घेतली होती; तिथल्या बायकांशी बोलले तेव्हा तोच फेस, तीच पुडी आणि तेच बर्ड फ्लूचे वाक्य निघाले. आजारी पाखराला राणीखेतची जिवंत लस खरोखर दिली असती तर सीआरडी आणखी भडकला असता, असेही डॉक्टर म्हणाले, म्हणजे त्याचा सल्लाच मुळात चुकीचा होता.

तलंगांचे ९,०००, पुड्यांचे १,५६० आणि ‘लसी’चे ७८० असे एकूण ११,३४० रुपये गेले. पोलीस ठाण्यात आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर, दोन्हीकडे मला पहिल्यांदा बिल मागण्यात आले. मोठी रक्कम रोख दिलेली होती. पुराव्यादाखल माझ्याकडे फोनवरून दिलेल्या तीन पुड्यांच्या पैशांच्या नोंदी, ते कार्ड आणि उरलेली अर्धी पुडी एवढेच आहे. तक्रार दाखल आहे. ज्यांना अशी पाखरे घ्यायचीच असतील त्यांनी थोडी रक्कम तरी फोनवरून द्यावी, लिहून घ्यावे, आणि नवी पाखरे तीन-चार आठवडे जुन्यांपासून दूर, वेगळ्या डालग्याखाली आणि वेगळ्या भांड्यांनी ठेवावीत. मी तेवढे केले असते तर निदान घरची सहा वाचली असती. दुखणे परत आले तर पुडी नव्हे, पाखरू घेऊन दवाखान्यात जावे, आणि जाणे शक्य नसेल तर १९६२ वर फिरत्या पथकाला फोन करावा. लसीसाठी आता आमच्या वाडीतल्या आठ घरांनी मिळून तारीख धरली आहे; सगळ्यांची मिळून नव्वदच्या आसपास पाखरे होतात, त्यामुळे दवाखान्यातून आणलेली एक कुपी आमच्यासमोर फुटते आणि तासाभरात संपते. अंगणात त्या दिवशी बर्फाचा डबा मध्ये ठेवून बायका आपापली पाखरे काखेत धरून उभ्या राहतात.

वाचलेल्या नऊ कोंबड्यांना मे महिन्यात बाजारातला एक व्यापारी तीनशेप्रमाणे मागत होता. दिसायला त्या चांगल्या होत्या, तुरे लाल होते. त्या कुठे जाणार असे मी विचारले तेव्हा ‘अंड्यावरच्या आहेत, खेड्यात पाळायलाच जातील’ असे तो म्हणाला, आणि मी नकार दिला. आता त्यांतल्या चार उरल्या आहेत. थंडीत रात्री अजून घरघर ऐकू येते. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे त्या संपेपर्यंत या खुराड्यात नवे पाखरू येणार नाही, त्यानंतर तूस जाळून, चुना मारून ते काही आठवडे मोकळे राहील, आणि कोल्हापूरच्या केंद्रात पंचवीस पिल्लांसाठी मी नाव नोंदवून ठेवले आहे.