खोलीवरचा मुक्काम की केबिनमधली झोप: ब्रिटिश लॉरीचालकांचा करमुक्त रात्रभत्ता
ब्रिटनमध्ये नोकरदार लॉरीचालकाला कामासाठी बाहेर मुक्काम करावा लागला, तर मालकाने दिलेला रात्रभत्ता 34.90 पौंडांपर्यंत करमुक्त धरला जातो. मात्र झोपायची सोय असलेली केबिन असेल, तर खोलीचे भाडे वाचते म्हणून हीच मर्यादा सुमारे 75 टक्क्यांवर, म्हणजे 26.20 पौंडांवर येते. पहिली रक्कम मोठी दिसते खरी, पण तिच्यात खोली, रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारी भागवायची असते. केबिनमध्ये झोपणाऱ्याचा खर्च मुख्यतः खाण्याचा, त्यामुळे हिशेबात त्याचीच बाजू मला उजवी वाटते. पाठदुखीचा हिशेब अर्थात वेगळा. दोघांनाही अट एकच: मुक्काम आणि खर्च खरोखर झालेला हवा, तेव्हा थांब्यावरच्या जेवणाची चुरगळलेली पावतीही जपून ठेवावी.