आयरियल प्रो आणि जॅझ गिटार: काही महिने वापरल्यानंतर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आयरियल प्रो हे ॲप कुणाला जॅझ शिकवत नाही. त्यात ना धडे, ना व्हिडिओ, ना शाबासकी. कॉर्ड्सचा तक्ता समोर येतो आणि त्यावर बास, ड्रम्स, पियानो वाजतात, बस्स. तरीही गेले काही महिने गिटार रोज कव्हरमधून बाहेर निघते ती याच ॲपमुळे.

हिंदी गाण्यांच्या कॉर्ड्स, जुजबी ब्लूज आणि पाच स्वरांच्या पेंटाटॉनिक स्केलवर बसलेला हात, एवढीच माझी शिदोरी होती. आधी एका ऑनलाइन कोर्सला पैसे घातले होते. तिथे पहिल्यापासूनच डोरियन, मिक्सोलिडियन, ऑल्टर्ड असा मोड्सचा, म्हणजे निरनिराळ्या स्केल्सचा, मारा. स्केल्स पाठ झाली, पण सोलो म्हणजे नुसती जिन्यावरची चढ-उतर. कुठल्या कॉर्डवर काय वाजतंय याचा पत्ता नाही.

ॲपवर मी आधी सी मधलं टू-फाईव्ह-वन, म्हणजे पट्टीतल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड्स, लूपवर टाकलं: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. वेग मिनिटाला ७० मात्रा. आणि पियानो बंद. प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो, ही मला यातली सगळ्यात कामाची सोय वाटते. पियानो गेला की कॉर्ड ऐकवायची जबाबदारी आपल्यावर येते.

आता हे गिटार हातात घेऊनच वाचा. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला सी, चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला एफ. डी मायनर सेव्हनचे हे सातवा आणि तिसरा स्वर. जी सेव्हन आला की सी फक्त एक फ्रेट खाली येऊन बी होतो, एफ जागचा हलत नाही. सी मेजर सेव्हनला एफ एक फ्रेट खाली येऊन ई होतो, बी तिथेच. दोनच तारा, पण बासच्या जोडीला सगळ्या कॉर्ड्स स्वच्छ ऐकू येतात. सोलोची सुरुवातही मी इथूनच केली: जी सेव्हनच्या पहिल्या मात्रेला बी गाठायचा, मध्ये काय वाटेल ते वाजवा. स्केल्सच्या त्या सगळ्या तक्त्यांपेक्षा मला याचा उपयोग जास्त झाला.

थोडंफार शास्त्रीय गाणं शिकलेल्यांना इथे वेगळीच गंमत येईल. तंबोऱ्याचा सा हलत नाही, इथे मात्र तो कॉर्डगणिक बदलतो. तोच एफ डी मायनरवर कोमल गंधार, जी सेव्हनवर कोमल निषाद आणि सी वर शुद्ध मध्यम. तिथे त्याच्यावर थांबलात की कान लगेच कुरकुरतो. मला हे सरगमच्या हिशेबानेच डोक्यात बसलं.

दर फेरीला वेग वाढवायची किंवा पट्टी बदलायची सोय आहे, ती जरूर वापरा. गिटारवाल्यांना ई आणि ए लाडके, पण जॅझमध्ये बी फ्लॅट आणि ई फ्लॅट, म्हणजे काळी पाच आणि काळी दोन, सतत भेटतात.

तक्त्यात फक्त कॉर्ड्स असतात, चाल नसते. ती रेकॉर्ड ऐकूनच उचलावी लागते, आणि नवख्याने ती उचलावीच. जॅझचा बडा बँडलीडर ड्यूक एलिंग्टनच्या ‘सी जॅम ब्लूज’चा मुखडा जी आणि सी या दोनच स्वरांवर उभा आहे. सगळी करामत ते कधी वाजतात यात. सोलोसाठी मी गिटारवादक चार्ली ख्रिश्चन धरला. १९३९ मध्ये तो क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला आणि १९४२ मध्ये अवघ्या पंचविशीत गेला. पुढचा मोठा जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी त्याचेच सोलो कानाने उतरवून शिकला. ख्रिश्चनची वाक्यं, म्हणजे सुरांचे तुकडे, बरीचशी कॉर्डच्या आकाराभोवतीच फिरतात, त्यामुळे नवख्याच्या हातालाही सापडतात. एक वाक्य आधी गुणगुणायचं, मग तारेवर शोधायचं, मग ॲपवर दोन-तीन पट्ट्यांत. हे काम कूर्मगतीने चालतं, पण हाताला लागलेलं टिकतं.

साथीचा बॅकिंग ट्रॅक कुठलाही असो, तो तुमचं ऐकत नाही. तुम्ही थांबलात म्हणून ड्रमर जागा भरणार नाही, घाई केलीत तर बास सावरून घेणार नाही. म्हणून आठवड्यातून एकदा एका मित्राबरोबर बसतो. तो नुसत्या कॉर्ड्स देतो, मी वाजवतो, मग उलट. आणि एकट्याने सराव करताना कधीकधी सगळं बंद करून मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवतो. स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, खरं आहे की नाही ते तिथे लगेच उघडं पडतं.

पैशांचं म्हणाल तर ॲप एकदा विकत घ्यायचं, साथीच्या जादा स्टाईल्स हव्या असतील तर त्यांचे वेगळे. गाण्यांचे तक्ते वापरणाऱ्यांनीच बनवलेले असतात आणि ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात, तेव्हा एखादी कॉर्ड खटकली तर रेकॉर्डशी ताडून बघा.

सेव्हन्थ कॉर्ड्स बदलताना अजून मान खाली जात असेल तर ॲप इतक्यात घेऊ नका, आधी हात बसू द्या. माझी गाडी सध्या मायनर पट्टीतल्या टू-फाईव्हवर अडली आहे. सी मायनरकडे जाताना जी सेव्हनवर ए फ्लॅट वेगात वेळेवर सापडत नाही, म्हणून वेग परत ६० वर आणलाय.