आजारी मांजराचे दिवस मोजायचे कसे: गुणपट्टी की कॅलेंडर?

मांजराला किडनीचा जुनाट आजार असला की घरात रोज एकच प्रश्न घोळतो: हिला बरं वाटतंय ना?

अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची गुणपट्टी 7 बाबी तपासते: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकीला 0 ते 10 गुण. बेरीज 35 च्या वर असेल, तर घरची शुश्रूषा चालू ठेवण्याजोगी मानतात. मांजर दुखणं लपवतं, म्हणून मला ही पट्टी मोलाची वाटते. एका उडीत ओट्यावर जाणारी मनी आता आधी स्टुलावर चढते, पाठ चाटणं सोडल्यामुळे केसांच्या गुठळ्या झाल्यात, हे रोजच्या सहवासात नजरेतून सुटतं. पट्टी नेमकं तेच विचारते. मात्र नुसत्या बेरजेवर विसंबू नका. धाप लागत असेल, तर बाकी गुण कितीही असोत, ताबडतोब डॉक्टर गाठायचा.

कॅलेंडरवर रोज चांगल्या-वाईट दिवसाची खूण करणं त्याहून सोपं, घरातल्या आजीलाही जमणारं. अडचण एवढीच की आजार हळूहळू वाढतो तशी आपली ‘चांगल्या’ची व्याख्याही खाली घसरते. म्हणून तिच्या आवडीच्या दोन-तीन गोष्टी आजच लिहून ठेवा: खिडकीतलं ऊन, दाराशी स्वागत, मासळीचा वास येताच धावत येणं.

माझा कौल: खूण रोज, गुण आठवड्यातून एकदा, आणि तेही एकाच माणसाने द्यावेत. त्याच दिवशी वजनही करा. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.