फाफ्सा आणि कॉलेजांची एड लेटर: एका पालकाचे परीक्षण

अमेरिकेत मूल बारावीत असले की मार्च-एप्रिलमध्ये प्रवेशाच्या निकालापेक्षाही ‘एड लेटर’ची, म्हणजे कॉलेज किती आर्थिक मदत देणार हे सांगणाऱ्या पत्राची, वाट अधिक पाहिली जाते, कारण प्रवेश मिळाला तरी खिशातून नेमके किती जाणार हे त्या पत्राशिवाय कळत नाही. आमच्या मुलीच्या २०२५-२६ च्या प्रवेशाच्या निमित्ताने आर्थिक मदतीसाठी भरायचा केंद्र सरकारचा ‘फाफ्सा’ अर्ज आणि त्याच्या आधारे आलेली कॉलेजांची पत्रे या दोन्हींचा जवळून परिचय झाला. अर्ज समाधानकारक वाटला, पत्रांविषयी मात्र गंभीर तक्रार आहे.

नव्या स्वरूपातील फाफ्सा प्रथम २०२३ च्या डिसेंबरअखेरीस, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे तीन महिने उशिरा खुला झाला. कॉलेजांकडे माहिती पोहोचायला २०२४ चा मार्च उजाडला आणि त्या वर्षीच्या मुलांची फार ओढाताण झाली. आमच्या वेळी तो नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला होता. संमती दिल्यावर २०२३ च्या कराची माहिती थेट आयआरएस या अमेरिकी करखात्याकडून येते, त्यामुळे पूर्वीची आकडेमोड बरीच वाचते. राहते घर आणि निवृत्तीची खाती मदतीच्या हिशेबात धरली जात नाहीत. परंतु पुण्यात किंवा ठाण्यात घेऊन ठेवलेला फ्लॅट गुंतवणूक म्हणून दाखवावा लागतो, आणि आपल्याकडील अनेक कुटुंबांच्या हे लक्षातच येत नाही. पालक एच-वन व्हिसावर असले तरी अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. एकाच वेळी दोन मुले कॉलेजात असल्यास पूर्वी मिळणारी सवलत मात्र २०२४-२५ पासून या हिशेबातून गेली, हे मला अन्यायकारक वाटते. अनेक खासगी कॉलेजे याखेरीज ‘सीएसएस प्रोफाइल’ हा मदतीचा वेगळा अर्ज मागतात. त्याला शुल्क आहे आणि त्यात राहत्या घराच्या किमतीचीही चौकशी होते.

आता पत्रांविषयी. एका खासगी कॉलेजच्या पत्रात वर्षाची मदत ठळक अक्षरांत ३८,५०० डॉलर अशी होती आणि ती पाहून घरात आनंदीआनंद झाला. खालच्या ओळी वाचल्यावर कळले की त्यातील अनुदान आणि शिष्यवृत्ती मिळून फक्त २४,००० होते. ५,५०० मुलीच्या नावावरचे सरकारी कर्ज, ६,५०० पालकांच्या नावावरचे ‘पॅरेंट प्लस’ कर्ज आणि २,५०० वर्क-स्टडी, म्हणजे काम केल्यावर मिळणारे वेतन. एकूण खर्च ६२,००० असल्याने आमचा खरा भार ३८,००० चा होता. राज्य विद्यापीठाच्या पत्रात मदत ११,५०० एवढीच दिसत होती आणि त्यातही ५,५०० कर्ज होते. परंतु तेथील खर्च ३४,००० असल्याने निव्वळ भार २८,००० वर आला. ज्या पत्रातील मदत तिपटीहून मोठी दिसत होती, तेच कॉलेज दर वर्षी दहा हजारांनी महाग पडत होते.

हा प्रकार एखाद्याच कॉलेजपुरता नाही. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या ‘जीएओ’ या तपासणी संस्थेने २०२२ च्या अहवालात अंदाजे ९१ टक्के कॉलेजे निव्वळ किंमत, म्हणजे अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा जाता उरणारा खर्च, देतच नाहीत किंवा ती कमी दाखवतात, असे नोंदवले आहे. शिक्षण खात्याने ‘कॉलेज फायनान्सिंग प्लॅन’ नावाचा चांगला नमुना तयार केला आहे, ज्यात अनुदाने एका बाजूला आणि कर्जे दुसऱ्या बाजूला स्पष्ट दिसतात. पण तो वापरणे ऐच्छिक आहे. परतफेड करावी लागणारी रक्कम ‘मदत’ म्हणून बेरजेत धरण्याची मुभा कोणत्याही कॉलेजला असू नये, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून प्रत्येक पत्रातील एकूण खर्चातून केवळ अनुदान आणि शिष्यवृत्ती वजा करावी. पुस्तके, प्रवास आणि विमा त्या खर्चात धरला आहे का, हे पाहावे. शिष्यवृत्ती चारही वर्षे आहे का आणि त्यासाठी किती जीपीए (गुणांची सरासरी) राखावा लागतो, हे लेखी विचारावे. कराची माहिती दोन वर्षांपूर्वीची असल्यामुळे दरम्यान कोणाची नोकरी गेली असल्यास कॉलेजच्या एड ऑफिसकडे कागदपत्रांसह फेरविचाराची मागणी करता येते. बहुतेक ठिकाणी १ मे ही प्रवेश निश्चित करण्याची मुदत असल्याने ही मागणी पत्र हाती पडताच करावी आणि उत्तर वेळेत येण्याची चिन्हे नसतील, तर मुदतवाढही त्याच वेळी मागून ठेवावी.