कारखान्यात अलर्ट लावले, त्याला अकरा महिने झाले

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. माग, हवा दाबून देणारे दोन स्क्रू कॉम्प्रेसर, एक बॉयलर, डाइंगचे पंप, आणि हे सगळं सांभाळायला मेंटेनन्सची आम्ही पाच माणसं. गेल्या दिवाळीनंतर मालकांनी मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर घेतलं. वर्क ऑर्डर (दुरुस्तीच्या कामाची नोंद), स्पेअरचा स्टॉक हे भाग ठीक चालतात, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. बोलायचंय ते अलर्टच्या नियमांबद्दल. अमुक रीडिंग इतक्यावर गेलं की तमुक माणसाला मेसेज, असा नियम लावायला दोन मिनिटं लागतात. तो कामाचा व्हायला आम्हाला अख्खा उन्हाळा लागला.

डिसेंबरात मी हौसेने ३१ नियम लावून टाकले. आकडे कुठून आणले? थोडे मॅन्युअलमधून, थोडे अंदाजाने. कॉम्प्रेसरचं डिस्चार्ज तापमान, म्हणजे दाबलेली हवा बाहेर पडतानाचं, तेव्हा ७८-८० च्या आसपास असायचं, म्हणून ८५ ला अलर्ट ठेवला. जानेवारीत, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू असताना, रात्रपाळीच्या फिटरच्या फोनवर एका रात्रीत ४३ मेसेज आले. कॉम्प्रेसरला गार ठेवणाऱ्या कूलरवर कापसाची धूळ बसली होती आणि तापमान ८४ ते ८६ मध्ये खेळत होतं. रेषा ओलांडली की मेसेज, खाली आलं की 'नॉर्मल' असा मेसेज, परत ओलांडली की परत. वर प्रत्येक वेळी एक नवी वर्क ऑर्डर. आमचे जुने फिटर अण्णा म्हणाले, "साहेब, गड्ड्यातल्या पाळण्यागत वरखाली व्हायलंय की हे." दुसऱ्या दिवसापासून त्या पोराने फोन सायलेंटवर टाकला. त्याला कोणत्या तोंडाने बोलणार?

उपाय सॉफ्टवेअरमध्येच होते, मीच सेटिंग उघडून बघितलं नव्हतं. पहिला: अलर्ट ८५ ला वाजला तरी तो बंद व्हायचा ८० ला, मधल्या पट्ट्यात गप्प. दुसरा: रीडिंग सलग १० मिनिटं वर राहिलं तरच मेसेज. तिसरा: त्याच कारणाची वर्क ऑर्डर उघडी असेल तर नवी काढायची नाही. हा तिसरा पर्याय तीन मेन्यू आत लपवलाय आणि डीफॉल्टला बंद असतो, हे काही मला पटलेलं नाही.

मग आला सोलापूरचा उन्हाळा. बाहेर ४३, कॉम्प्रेसर रूममध्ये त्याहून जास्त, आणि मशीन धडधाकट असताना डिस्चार्ज ९५ च्या पुढे. थंडीत ठरवलेला आकडा एप्रिलमध्येच निकामी झाला. नुसता वाढवून १०० केला असता तर पावसाळ्यात कूलर पार चोंदला तरी अलर्ट आला नसता. अण्णांना विचारलं, तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, "खोली किती तापलीय ते बघायचं, मग मशीनकडं बघायचं." तेच नियमात घातलं. खोलीत एक साधा तापमानाचा सेन्सर लावला आणि दोन्हींतल्या फरकावर अलर्ट ठेवला. आमच्या मशीनला हा फरक एरवी ४५ ते ५० असतो, ५७ च्या वर १० मिनिटं राहिला की कूलर साफ करायचा मेसेज. यात एक मेख आहे. थंडीत कॉम्प्रेसरचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह तेलाला फार गार होऊ देत नाही, त्यामुळे मशीन चांगलं असूनही फरक मोठा दिसतो. म्हणून हा नियम खोली ३२ च्या वर असेल तेव्हाच चालतो. अगदी वरचा, १०४ चा तातडीचा अलर्ट मात्र बारमाही. मशीन स्वतः ११० ला ट्रिप होतं, म्हणजे आपोआप बंद पडतं.

बॉयलरच्या आयडी फॅनने, म्हणजे धूर ओढून बाहेर टाकणाऱ्या पंख्याने, वेगळा धडा दिला. व्हायब्रेशनसाठी आयएसओ १०८१६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यातला ४.५ मिमी प्रति सेकंद हा आकडा घेतला होता. फॅन नेहमी १.६ वर चालायचा. मार्चमध्ये हळूहळू ३.४ वर गेला, अलर्ट नाही, कारण ४.५ कुठे झालं होतं? आवाजावरून अण्णांनीच पकडलं, बेरिंग उघडलं तर रेसवर, म्हणजे आतल्या कड्यावर, खड्डे. त्या मानकात आकड्याइतकंच नेहमीच्या पातळीपासून किती बदल झाला यालाही महत्त्व आहे, ते मी वाचून सोडून दिलं होतं. आता १.६ धरून, त्यात १ ची वाढ तासभर टिकली की मेसेज येतो.

मेमधल्या वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि शेडमधला राउटर जळाला. तीन दिवस स्क्रीनवर सगळं हिरवं. शेवटचं रीडिंग तसंच गोठून राहिलं होतं, आणि नियमाच्या लेखी ते मर्यादेत होतं! १५ मिनिटं रीडिंग आलं नाही तर कळव, हा नियम प्रत्येक सेन्सरला वेगळा लावावा लागतो. तो आपोआप का नाही, याचं उत्तर सपोर्टवाल्यांनी अजून दिलेलं नाही.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, कारखाना बंद. हवेचं प्रेशर ५.५ बारखाली गेलं म्हणून तातडीचा अलर्ट सुटला. फिटरने १५ मिनिटांत घेतला नाही तर सुपरवायझरला, मग मला, मग मालकांना, अशी साखळी होती. मी गर्दीत होतो, फोन ऐकू आला नाही. मालक रथासोबत होते, त्यांना आला. "अहो, आज कंपनी बंद आहे ना?" त्या दिवसापासून प्रेशरच्या नियमाला कॉम्प्रेसर चालू असण्याची अट लागली, आणि मालक स्वतःहून साखळीतून बाहेर पडले.

मेसेजचा मजकूर मराठीत बदलता येतो, ही मला सगळ्यात आवडलेली सोय. 'हाय टेंपरेचर वॉर्निंग'ऐवजी 'कॉम्प्रेसर २: कूलरवर हवा मारा' असं येतं. पण देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, इंग्रजीत १६० बसतात. जास्त झालं की एकाचे दोन मेसेज धरून पैसे कापले जातात, त्यामुळे मजकूर मोजून लिहायचा.

३१ वरून आता १३ नियमांवर आलोय. त्यातला एक अण्णांनी सांगून लावून घेतलाय: माग बंद असताना कॉम्प्रेसर लोड घेत, म्हणजे हवा भरत, राहिला तर कळवायचं, म्हणजे हवेच्या लाइनला कुठेतरी लीक. पहिल्याच रविवारी डाइंगकडच्या दोन फाटक्या नळ्या सापडल्या. दिवाळीनंतर सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची आहे. भरू, पण रीडिंग थांबल्याचा तो नियम आपोआप लागायला हवा, हे मी सपोर्टवाल्यांना लेखी कळवलंय.