कॅलेंडुलाच्या बियांचं पाकीट: बी चांगलं, पण पाकिटावरची माहिती इथं चालत नाही

बेळगावात रविवार पेठेतनं ६० रुपयाला घेतलं, ३० बिया होत्या. पाकिटावर ठळक लिवलंय "वर्षभर पेरा", मी विश्वास ठेवून जूनमध्ये पेरलं आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, सगळी रोपं बुडाशी कुजून आडवी झाली, लई वाईट वाटलं. कॅलेंडुला हे मुळात युरोपातलं थंडीचं फुलझाड, इथं दसरा झाल्यावरच पेरायचं. दुसरं पाकीट तसं पेरलं, तांबड्या मातीत शेणखत मिसळून, आठव्या दिवशी कोंब आणि ३० पैकी २३ उगवली! डिसेंबर संपता संपता केशरी फुलं.

एक सांगते, हा आपला झेंडू नव्हे. आधी एका नर्सरीनं मला कॅलेंडुला म्हणून झेंडूचीच रोपं दिली होती. आता पाकीट फोडलं की बी बघते, झेंडूचं काळं सुईसारखं असतंय, ह्याचं तपकिरी आणि वाकडं, खरबरीत. पानंबी झेंडूसारखी कातरलेली नसतात, लांबट आणि मऊ असतात.

फुलं सकाळी दव सुकल्यावर तोडायची, पूर्ण उमललेली, बोटं चिकट झाली पाहिजेत, तो चीकच औषधाचा. दोन-तीन दिवसाआड तोडत राहिलं तर नवीन कळ्या येत राहतात, झाडावर तशीच ठेवली तर बी धरून झाड थांबतंय. सुपात घालून सावलीत वाळवते. पाकळ्या दोन-चार दिवसात कुरकुरीत होतात पण खालचा हिरवा भाग ओलाच असतोय, त्यो मोडून बघायचा. मी घाई करून ओलसर फुलंच बरणीत तेलात मुरत घातली आणि ती पहिली बरणी तेलासकट बुरशी येऊन टाकून द्यावी लागली. नंतरची तिळाच्या तेलात ५ आठवडे ठेवून गाळली, आईच्या टाचांच्या भेगांना रोज रात्री लावतोय, कातडी मऊ पडलीय. शेवंती-झेंडूनं ज्यांना खाज सुटते त्यांनी आधी हाताला थोडं लावून बघा, उघड्या जखमेवर तर नकोच.

फेब्रुवारीत झाडांवर मावा (कीड) आला, साबणाच्या पाण्यानं गेला.

कंपनीनं माहिती फक्त इंग्रजी-हिंदीत छापलीय, मराठी नाही की कन्नड नाही, शेजारच्या अक्कांना मलाच वाचून दाखवावं लागलं. एक स्टार त्याचा आणि त्या "वर्षभर"चा कापला. घेणार असाल तर सप्टेंबरात घ्या, तारीख बघून, जुनं बी कमी उगवतंय.